न लावलेला दिवा

सोमवार, ४ मार्च

ठमे,

तुझ्या वकीलबाईंचं पत्र मिळालं. वर ‘महोदय’, खाली शिक्का. ज्या भावाने तुला सायकलच्या दांडीवर बसवून सहा वर्षं शाळेत सोडलं, तो आता तुझा महोदय झाला. ठीक आहे. महोदय उत्तर देतात.

तुला आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटोची मूळ फाईल हवी आहे. ती नाही. स्टुडिओतली जुनी डिस्क मागच्या वर्षी बसली, तिच्यासोबत पाच-सहा वर्षांचं काम गेलं. असं होतं. यंत्र आहे ते.

त्या फोटोची प्रत मी प्रत्येक घराला दिली होती, तशी तुमच्याही घराला दिली. जावईबापूंनी ती कोर्टात दाखल केली असेल तर तो त्यांचा निर्णय. त्यात मला ओढू नकोस. तुझं म्हणणं आहे की त्या दिवशी सकाळी त्यांनी तुला मारलं. त्यांचं म्हणणं आहे की मारलं असतं तर दुपारच्या फोटोत गाल स्वच्छ कसा. हा तुम्हा दोघांचा वाद. मी फोटो काढणारा माणूस. दिवा लावतो, बटण दाबतो.

पण एक विचारतो, आणि हे महोदय नाही, तुझा दादा विचारतोय. दोन वर्षं तू गप्प का बसलीस? मी कोण आहे हे तुला माहीत नव्हतं? गिरणीच्या फाटकावर, वाचनालयाच्या गच्चीवर, छायाचित्रकार संघाच्या प्रत्येक सभेत जो माणूस अन्यायाविरुद्ध घसा फोडतो, त्याच्या घरातल्या पोरीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एक शब्द बोलली असतीस तर मी त्या घराचा उंबरा उखडला असता. तू बोलली नाहीस. एक दिवस बॅग भरलीस, मैत्रिणीच्या गावी गेलीस, आणि मला ही बातमी कुणाकडून कळावी, तर प्रिंटरच्या शाईच्या बाटल्या विकायला येणाऱ्या माणसाकडून. तो म्हणाला, “साहेब, तुमच्या बहिणीचं ऐकलं. वाईट झालं.” मी म्हणालो, “हो ना.” काय झालं ते मला माहीतच नव्हतं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. वहिनी बरी आहे. मुलं विचारतात.

दादा

गुरुवार, १४ मार्च

ठमे,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. ‘डिस्क बसली असेल तर वहिनी रोज स्टुडिओत कशावर काम करते?’

चांगलं आहे. माझ्या घरात तुझा हेर आहे हे मला माहीत नव्हतं. कार्ड मी तुझ्या वहिनीसमोर टेबलावर ठेवलं. ती फोटोंच्या कडा कापत होती, तिने मान वर केली नाही.

“तू सांगितलंस हिला?”

“तिने विचारलं, मी सांगितलं.”

“मला न विचारता?”

“डिस्क बसली हे तुम्ही मला विचारून लिहिलंत का? परवा त्याच डिस्कमधून काकांचा फोटो काढून दिलात. तो काय वरून पडला?”

“तुला कळत नाही. हा घराचा प्रश्न आहे.”

“मला कळत नाही, बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी फक्त कडा कापते.”

तर डिस्क चालू आहे. लिहून टाकलं. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून दहा दिवसांतच पकडला गेलो, असं समज.

आता तू विचारशील की मी लपवलं का. ऐक. त्या दिवशी तुम्ही दोघं सगळ्यांच्या शेवटी आलात. अकरा माणसं उभी करायची होती. आई-बाबा खुर्च्यांवर, काका-काकू आणि आत्या त्यांच्या बाजूला, मागे आपण चौघं, पुढे माझी दोन मुलं. एवढ्या माणसांना मी दिव्याची एकच मोठी छत्री लावतो, कॅमेऱ्याच्या बरोबर वर. समोरून सपाट उजेड. कुणाची सावली कुणावर पडत नाही, आणि कुणाचं काही लपत नाही.

तू पदर तोंडावर धरून आत आलीस आणि आईने तुला थेट आरशाच्या कोपऱ्यात नेलं. तुझ्या नवऱ्याने मला पडद्याच्या गुंडाळीमागे बोलावलं. हसत होता.

“वक्ते, तुमच्या बहिणीला बाथरूमचं दार लागलं. ही बाई चालताना डोळे घरी ठेवून येते.”

“फार लागलंय का?”

“एवढंसं. तुमच्या त्या कॉम्प्युटरात म्हणे माणसाची वीस वर्षं कमी होतात. मग हे काय अवघड आहे? बघा जरा. सासूबाईंचा दिवस आहे.”

मग आई आली. “फोटो जन्मभर भिंतीवर राहणार आहे रे,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली. तू सांग, मी काय करायला हवं होतं? अकरा माणसांना परत पाठवायला हवं होतं?

टायमर लावून मीही रांगेत शिरलो आणि फोटो काढला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर उघडला. पावडरच्या खालून ते वर येत होतं. साधा उपाय असा की तेवढा भाग घासून गुळगुळीत करायचा. तो लोक करतात, आणि मग गाल मेणाचा दिसतो, आणि कुणीही विचारतं की इथे काय होतं. मी तसला कारागीर नाही. मी विचार केला की उजेड समोरून आहे म्हणून ते दिसतंय. तोच उजेड डावीकडून आला असता, तर नाकाची सावली तुझ्या त्या गालावर पडली असती आणि ते सावलीत गेलं असतं. सावलीला कुणी विचारत नाही की तू इथे का पडलीस.

पण एकट्या तुझ्या तोंडावर सावली घालून चालत नाही. दिवा एकीसाठी डावीकडे आणि दहा जणांसाठी समोर, असं कुठल्या खोलीत असतं? म्हणून मी तो दिवा सगळ्यांसाठी हलवला. एक थर काळोखाचा, एक उजेडाचा, ब्रशची ताकद इतकी कमी की एका फटक्यात काही दिसू नये, वीस फटक्यांत दिसावं. बाबांच्या नाकाची सावली. आत्याच्या गळ्यातली घडी. काकांच्या कॉलरची कड. मागच्या पडद्यावर अकरा डोक्यांच्या पुसट सावल्या, सगळ्या एकाच दिशेला. चार दिवस लागले. प्रत्येक डोळ्यात छत्रीचा एक पांढरा ठिपका असतो, दिवा असेल तिथे तो दिसतो. तेही मी उचलून डावीकडे नेले. स्टुडिओत जो दिवा मी लावलाच नव्हता, तो त्या फोटोत चार दिवसांनी लागला.

आत्या म्हणाली, “अगंबाई, मी अशी दिसते? माझं नाक बारीक केलंस का रे?” मी म्हणालो, “नाही आत्या, नुसता उजेड.” संघातल्या लोकांनी पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं की मी मोठ्या कंपनीचा दिवा आणलाय. खरं सांगतो, मला अभिमान वाटला होता. कारागिराला तेवढा गुन्हा माफ असावा.

फाईल दिली तर काय होईल याचा विचार कर. आई ऐंशीची आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

दादा

शनिवार, २३ मार्च

ठमे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

काल दुपारी स्टुडिओ बंद करून ती फाईल उघडली. त्रेचाळीस थर आहेत. प्रत्येक थरापुढे एक बारीक डोळा असतो, तो दाबला की थर दिसेनासा होतो. मी थरांना नावं दिली होती. ‘बाबा सावली’, ‘आई चष्मा’, ‘आत्या गळा’. तुझ्या थरांना मी नाव दिलं नव्हतं. नुसतं ‘ठ’. ठ-१ पासून ठ-९ पर्यंत.

वरून एकेक डोळा मिटत आलो. आधी पडद्यावरच्या सावल्या गेल्या. मग काका सपाट झाले, मग आई, मग मुलं. सगळे त्या दिवशी होते तसे, थोडे घामट, थोडे कंटाळलेले. शेवटी ठ-१ मिटला.

दार नव्हतं ते. दाराला बोटं नसतात. गालाच्या हाडावर एक डाग आणि जबड्याच्या कडेला ओळीने चार. ठमे, रंग वाचणं हा माझा धंदा आहे. ताजा मार लाल असतो, आठवड्याचा जुना पिवळट हिरवा होतो. तुझ्या गालावर दोन्ही होते. म्हणजे त्या सकाळचा तो पहिला नव्हता. आणि हे मला काल कळलं असं मी लिहिणार होतो, लिहायला बसलोही होतो. पण ते पिवळं झाकायला मी तेव्हा वेगळा थर केला होता. ठ-४. निळसर. पिवळ्यावर निळसर घातलं की ते मरतं. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं.

कॅमेऱ्यातून आलेली कोरी फाईल मात्र खरंच नाही. ती मी त्याच आठवड्यात पुसली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की डिस्कवर जागा कमी आहे. जागा भरपूर होती. राहिली आहे ती ही थरांची, तिचा तळाचा थर म्हणजे मूळ फोटो. ती मी तुझ्या वकीलबाईंना देणार आहे.

हे मी घरी बोललो आणि आज सकाळी बाबा जिना चढून स्टुडिओत आले. दोन वर्षांत ते वर आले नव्हते. अर्धा तास खुर्चीत बसून नुसते धापा टाकत होते.

“तू फाईल देणार म्हणे.”

“देणार.”

“तुझी आई रोज सकाळी त्या फोटोसमोर बसून चहा पिते.”

“बाबा, पावडर तिनेच लावली होती. तिला माहीत होतं.”

“सगळ्यांनाच माहीत होतं रे,” बाबा म्हणाले. “म्हणून तर कुणी बोललं नाही. एकाला माहीत असतं तर तो बोलला असता.”

ठमे, मी एवढी पुस्तकं वाचली, गुलामगिरीवर वाचलं, छळछावण्यांवर वाचलं, माणसं शेजारी राहून गप्प कशी बसतात यावर तासभर बोलू शकतो. बोललोही आहे. पण बाबांनी एका वाक्यात सांगितलं तेवढं स्वच्छ मी कुठे वाचलं नाही. अळीमिळी गुपचिळी हा खेळ आपण लहानपणी खेळायचो. जो पहिला बोलेल तो हरला. आपल्या घरात तो खेळ संपलाच नव्हता.

आणि संध्याकाळी माझं संघात भाषण होतं. ठरलेलं होतं, रद्द कसं करणार? ‘फोटो खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो फोटोमागचा माणूस.’ हे वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. घरी आलो तर तुझ्या वहिनीने ताट वाढलं होतं. ती मागच्या रांगेत बसून आली होती.

“टाळ्या ऐकल्या,” ती म्हणाली. “आता जेवा.”



फाईल देतो. साक्षही देतो. पण हे माझ्या मनातून जात नाही की तू तेव्हा बोलली असतीस तर एवढं झालंच नसतं.

दादा

शुक्रवार, १९ एप्रिल

ठमे,

काल तू समोरच होतीस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. तू तीन रांगा पुढे होतीस आणि तुझी पाठ माझ्याकडे होती. मला जे दिसलं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

साक्षीच्या आधी बाहेरच्या बाकावर तुझ्या नवऱ्याने मला गाठलं. अजूनही हसत होता. “वक्ते, आज जरा थोडक्यात हं. इथे घंटा वाजवायला कुणी नसतं.” मी उठून आत गेलो. 

पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सांगितलं की हा फोटो मी बदलला आहे. सावली रंगवली आहे. हा पाहा खालचा थर. मला वाटलं, झालं. सत्य मांडलं की माणसं मान खाली घालतात, असं मी शंभर सभांत सांगितलंय. त्याचे वकील उठले. फार सभ्य माणूस. आवाजही चढवला नाही.

“आपण या कामात तरबेज आहात?”

“हो.”

“अकरा माणसांवर नसलेल्या दिव्याची सावली घातलीत, आणि दोन वर्षं कुणाला संशय आला नाही?”

“नाही आला.”

“मग जो माणूस सावली रंगवू शकतो, तो डाग रंगवू शकत नाही का? आपली बहीण आहे. केस चालू आहे. कॅमेऱ्यातली कोरी फाईल आपणच पुसली म्हणता. हा तळाचा थर आपण मागच्या महिन्यात बसून केला नाही, हे आम्ही कुणाच्या शब्दावर मानायचं? आपल्या?”

माझ्या शब्दावर. ठमे, माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही नव्हतं. आणि तो शब्द मी स्वतः, माझ्याच ब्रशने, वीस-वीस फटके मारून पुसून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझी सगळी हुशारी तुझ्याविरुद्ध उभी राहिली. मी आलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तुझ्या मानेकडे पाहून तुलाही तेच वाटत असावं.

मग मी त्यांनी आणलेल्या फोटोकडे पाहिलं. त्यांचीच प्रत, त्यांनीच हातभर मोठी करून पुठ्ठ्यावर चिकटवून आणलेली, तुझा गाल किती स्वच्छ आहे हे दाखवायला. एवढा मोठा तो फोटो मी कधीच पाहिला नव्हता. मी डोळे पाहत गेलो. बाबांच्या डोळ्यातला पांढरा ठिपका घड्याळात दहा वाजतात तिथे. आईचा तिथेच, चष्म्यातसुद्धा. आत्या, काका, काकू, मुलं, वहिनी, मी, तो. सगळे दहावर. आणि तुझ्या डोळ्यांत ठिपका बरोबर वर, बारावर. छत्री जिथे खरी होती तिथे. दहा जणांचे ठिपके मी हलवले होते आणि तुझे राहून गेले होते.

मी न्यायाधीशबाईंना म्हणालो, भिंग असेल तर पाहा. ही प्रत माझ्याकडून आजची आलेली नाही, यांच्या घरातून आली आहे, दोन वर्षं तिथे टांगलेली होती. दिवा डावीकडे असता तर हिच्याही डोळ्यात डावीकडे दिसला असता. हिच्या डोळ्यात दिवा समोर आहे. समोर दिवा असताना त्या गालावर सावली पडूच शकत नाही. मग सावली तिथे कशाला घातली ते यांना विचारा.

भिंग आलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग तो फोटो त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला, आणि तुझा नवरा पहिल्यांदा हसायचा थांबला.

पण त्याचे वकील कच्चे नव्हते. म्हणाले, ठीक आहे, डाग होता, तो झाकला. बायका फोटोत काय काय झाकायला सांगतात. दाराचा डाग असेल. मार असता तर ही बोलली असती. घरात आई होती, वडील होते, एवढा बोलका भाऊ होता. हिने त्या दिवशी कुणाला काही सांगितलं? तक्रार दोन वर्षांनी सुचली?

आणि मला विचारलं, “त्या दिवशी ती आपल्याला काही म्हणाली होती?”

मी म्हणालो, “नाही. ती काही बोलली नाही.”

तेव्हा तू मान वळवलीस. दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, त्या डोळ्यांतल्या ठिपक्याबद्दल तू आभार मानतेस.

पुढची तारीख गुरुवारी, पंचवीसला. तुझ्या वकीलबाई म्हणाल्या की सगळं आता एवढ्यावरच अडलंय. तू तेव्हा कुणाला काही सांगितलं होतंस की नाही.

दादा

रविवार, २१ एप्रिल

ठमे,

परवाच्या पत्रातली शेवटून दुसरी गोष्ट खोटी आहे. तुझ्या पाहण्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला होता.

घरी येऊन मी वहिनीला ठिपक्यांचं सांगितलं. रंगवून सांगितलं. म्हणालो, बघ, दहा जणांच्या डोळ्यांत मी खोटं घातलं, पण तिच्या डोळ्यांना माझा हात लागला नाही. माझ्यातलं काहीतरी तेव्हाही जागं असणार. तिने ऐकून घेतलं.

“ते चुकून राहिलं,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी तुम्ही कंटाळला होतात. त्याचा मोठेपणा घेऊ नका.”

मग तिने विचारलं, “ती खरंच काही बोलली नव्हती?” मी भिंतीकडे पाहत राहिलो. ती उठून गेली.

तर आता लिहितो. भाषण न करता लिहिण्याचा प्रयत्न करतो, जमलं तर बघ.

आई तुला आरशासमोर पावडर लावत होती. तू तिला केसांची क्लिप आणायला बाहेर पाठवलंस. क्लिप तुझ्या मुठीतच होती, ती मला दिसत होती. मी छत्रीची दोरी आवळत होतो. तू रुमालाने गाल पुसलास आणि म्हणालीस, “दादा, असाच काढ. पुसू नकोस नंतर. एका तरी फोटोत असू दे.”

मी म्हणालो, “काय झालंय?”

तू म्हणालीस, “दिसतंय ना तुला?”

दिसत होतं. मी म्हणालो, “आज नको गं. पन्नास वर्षं झालीत त्यांच्या लग्नाला.” आणि तू तशीच उभी राहिलीस.  म्हणून मी छत्रीकडे बोट केलं आणि गिऱ्हाइकाला सांगतो तशा आवाजात म्हणालो, “हनुवटी जरा वर घे.”

तू घेतलीस.

तू बोलली होतीस, ठमे. वकील लावावा लागला नाही, तक्रार लिहावी लागली नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या माणसाजवळ जाऊन, दहा-अकरा शब्दांत, काय हवंय तेही सांगितलंस. आणि मी दोन वर्षं स्वतःला ऐकवत आलो की पोरगी गप्प बसली. इतक्या वेळा ऐकवलं की पहिल्या पत्रात ते लिहिताना मला राग खरा आला होता. भाषणं करणाऱ्याचा हा रोग असतो. स्वतःचा आवाज चढला की त्याला ते खरं वाटायला लागतं.

गेल्या गुरुवारी पिंजऱ्यात मी ‘नाही’ का म्हणालो? फाईल पुसली हे कबूल करता येतं. सावली घातली हेही करता येतं. त्यात कारागिरी आहे, थोडी मिजाससुद्धा आहे. लोक म्हणतील, चुकला, पण काय हात आहे. पण बहीण मागत होती आणि भावाने हनुवटी वर घ्यायला सांगितलं, यात काही कारागिरी नाही. म्हणून तुझी केस बुडवायला निघालो होतो.

काल मी आईकडे गेलो. तिला सांगितलं की गुरुवारी मी हे बोलणार आहे. तिने कप खाली ठेवला.

“क्लिप आणायला पाठवलं तेव्हाचं ना?” ती म्हणाली. “मी दाराबाहेरच होते.”

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मग?”

“मग आत आले. म्हटलं, क्लिप सापडत नाहीये.”

कोर्टात येशील का विचारलं तर तिने मान हलवली. नाही म्हणाली. बाबा दुसऱ्या खोलीत होते. त्यांनी रेडिओ मोठा केला. निघताना आई म्हणाली की काही दिवस नको येऊस. मी ते तुझ्या नावावर टाकणार नाही. ते माझं आहे.

आज सकाळी तुझ्या वकीलबाईंकडे जाऊन वरचं सगळं कागदावर लिहून, खाली सही करून दिलं. गुरुवारपर्यंत माझा भरवसा नाही, म्हणून आधीच दिलं. त्या म्हणाल्या, खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरही काही होऊ शकतं. मी म्हणालो, होऊ दे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “समोरचे वकील विचारतील की मग मागच्या तारखेला का बोलला नाहीत. उत्तर तयार ठेवा. तुम्ही बोलणारे आहात, नीट मांडाल.”

गेले सहा तास मी ते उत्तर तयार करतोय. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी वाक्य सुरू झालं की त्यात मी थोडासा बरा माणूस होतो. म्हणून आता तयारी सोडली. ते विचारतील तेव्हा मी एवढंच सांगेन की ती बोलली होती, मला ऐकू आलं होतं. त्यापुढे त्यांनी काहीही विचारलं तरी माझ्याकडे वाक्य नाही.

तू त्या दिवशी माझ्याकडे पाहू नकोस. न्यायाधीशबाईंकडे पाहा.

दादा